अंतरपाट खाली आला तेव्हाचा फोटो

अर्जदार: मी, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, बैठक जिल्हा कचेरीच्या फाटकाबाहेर, राहणार इंदूर. विरुद्ध पक्ष: अर्जदाराची पत्नी, आता हयात नाही. घटनेचे ठिकाण: राजेंद्र नगरातील एक मंगल कार्यालय. तिथी मार्गशीर्षातली, मुहूर्त गोरज. वर्ष विरुद्ध पक्षाला तोंडपाठ होते, अर्जदाराला लग्नपत्रिका काढून पाहावी लागते. साक्षीदार दोन. पहिला, वधूच्या पाठीशी उभा असलेला तिचा मामा. दुसरी, करवली म्हणून शेजारी उभी असलेली तिची धाकटी बहीण. नावे लिहिलेली नाहीत. विरुद्ध पक्षाने उखाणा सोडून अर्जदाराचे नाव कधी उच्चारले नाही, आणि ती गेल्यापासून तिचे नाव अर्जदाराच्या तोंडून पुरते बाहेर पडत नाही.

दिवसभर मी हिंदीत लिहितो. महोदय, सविनय निवेदन है. मॅट्रिकची परीक्षा माझ्या हातून पार पडली नाही, तरी माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याची हिंमत भल्या भल्या वकिलांनी केलेली नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. हा मजकूर मात्र मराठीत लिहितो आहे, कारण आमची भांडणे मराठीत झाली.

तिच्या वडिलांचा कृष्णपुऱ्याजवळ फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटल्यापासून ती त्यांच्याबरोबर लोकांच्या लग्नांत हिंडली, आणि पुढे त्यांच्याहून चांगले फोटो काढू लागली, असे ते स्वतःच सांगत. साखरपुड्याच्या दिवशी तिने माझ्यापुढे एकच अट ठेवली.

"आपल्या लग्नातला एक फोटो मी काढणार."

"स्वतःच्या लग्नातला? वधूने मान खाली घालून उभे राहायचे असते."

"एकच हो. अंतरपाट खाली येतो ना, तेव्हाचा. आजवर एवढ्या नवऱ्यांचं ते तोंड मी टिपलं. माझ्याच नवऱ्याचं दुसऱ्या कुणी का टिपावं?"

मी कायदेशीर अडचण उपस्थित केली. त्या वेळी वधूच्या दोन्ही हातांत हार असतो, त्याची व्यवस्था काय?

"हार मामा धरील. झालं? आता पेढा घ्या."

ठरल्याप्रमाणे घडले. मंगलाष्टके संपली, शेवटचे 'सावधान' झाले, गुरुजींनी अंतरपाट ओढला, आणि माझ्यासमोर मुंडावळ्यांच्या मधोमध एक काळा कॅमेरा होता. चेहरा नव्हता. लखकन उजेड पडला, अक्षता डोळ्यांत गेल्या. डोळे चोळून पाहिले तोवर कॅमेरा मामांकडे गेला होता, हार तिच्या हातात आला होता आणि मान रीतीप्रमाणे खाली होती. तिच्या वडिलांनी नेमका त्या घडीला आपला कॅमेरा बाजूला ठेवला होता. लेकीला त्यांना नुसत्या डोळ्यांनी पाहायचे होते. म्हणून त्या क्षणाचा तिचा चेहरा कुठल्याही फोटोत नाही, आणि मीही तो पाहिलेला नाही.

फोटो धुऊन आला तो हललेला. मी त्यात दोन झालो होतो. तिने तो फेकला नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"एवढी कारागीर तू, आणि हात हलला?" मी पुढे अनेकदा विचारले.

"हात नाही हलला. तुम्ही हललात."

"मी खांबासारखा उभा होतो."

"खांब थरथरत होता हो."

"कॅमेऱ्यामागे तू हसत होतीस की रडत होतीस, तेवढे सांग."

"सांगेन कधीतरी. आजच सांगितलं तर मग तुम्हाला विचारायला काय उरलं? पोहे निवतायत, जिरावण मसाला घ्या वरून."

कॅमेरा माहेरीच राहिला. मी विचारले तेव्हा फोटो काढण्याचा कंटाळा आला म्हणाली. मी ते खरे धरले आणि चारचौघांत अभिमानाने सांगितलेही, की आमच्या घरी आल्यावर तिला दुसऱ्या कशाची गरज उरली नाही.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तिला रुग्णालयात ठेवले. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. चेहरा पुन्हा झाकलेला. मी वाकून म्हणालो, "आता तरी सांग." तिला कशाबद्दल ते लगेच समजले. तिने मास्ककडे हात नेला. नर्स म्हणाली, "अम्माजी, मास्क नहीं हटाना," आणि तिचा हात हळूच खाली ठेवला. एक वाक्य होऊ द्या, एवढेच मला नर्सला म्हणायचे होते. परक्यांचे म्हणणे कलेक्टरापर्यंत पोचवणारा मी माणूस. मला ते वाक्य सुचले नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी साक्षीदारांकडे गेलो. मामा राजेंद्र नगरातच राहतात, आता काठी घेऊन चालतात.

"जावईबापू, ही काय कोर्टबाजी लावली? हसत होती ती, पक्कं. खांदे गदगदा हलत होते. मी मागेच होतो ना, भिया."

"चेहरा पाहिलात?"

"मागून चेहरा दिसतो काय? पण आमची पोरगी खांद्यावरून ओळखू येते."

तिथून बहिणीकडे गेलो. ती हात पुसत दारात आली आणि ऐकून म्हणाली, "मामाला काय कळतंय? रडत होती ताई. नाक ओढलेलं मी ऐकलं."

"कशाने?"

"भावोजी, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? त्या दिवशी सकाळी तुमच्या वडिलांचा निरोप आला होता. सून स्टुडिओत बसणार नाही, कॅमेरा माहेरी ठेवून या. बाबा भडकले. ताईच म्हणाली, जाऊ दे, तो एक काढते, मग ठेवते."

तीच पुढे म्हणाली, "नंतर तिने कुणाचा फोटो काढलेला आठवतो तुम्हाला? मोबाइल हातात दिला तरी म्हणायची, तुम्हीच काढा गं, मला नाही जमत."

आठवत नाही. एकही आठवत नाही. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांना विचारण्याचा मार्ग बंद आहे. माझ्या घराने घातलेली बंदी तिने माझ्यापाशी इतकी वर्षे उच्चारली नाही, आणि मी त्या बंदीला कंटाळा समजत राहिलो.

हल्ली विवाहनोंदणीसाठी जोडपी माझ्याकडे येतात. हात लांब करून मोबाइलवर स्वतःच काढलेले फोटोही दाखवतात. दोघेही त्यात असतात. आमच्या वेळी काढणारा फोटोत येत नसे. कुणी विचारले, आपल्या लग्नाचा फोटो आपण काढावा का, तर मी सांगतो: काढा, पण आधी एकदा एकमेकांना पाहून घ्या.

एक पुरावा शिल्लक आहे. त्या हललेल्या फोटोत मी हसतो आहे, दात दिसतात. माझ्या दुसऱ्या कुठल्याही फोटोत ते दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या कडेने मला तिचे काही दिसले असेल काय? समोर रडणारी वधू असती तर मी हसलो असतो काय? परंतु स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष धरली जात नाही, हे मीच लोकांना बजावत असतो.

सबब विरुद्ध पक्षास विनंती, की दोन्हींपैकी जे खरे असेल ते अर्जदारास कळवावे. रडली असल्यास त्याचे कारण आता माहीत झाले आहे. त्यावर अर्जदाराला बचाव मांडायचा नाही. हसली असल्यास तेवढा एक शब्द पुरे. मुदत घातलेली नाही. अर्जदार दिवसा फाटकाबाहेर असतो, नंतर घरी, आणि कपाटाचे दार आता उघडेच ठेवतो. कृपया उत्तर द्यावे.