प्लायवूडच्या वर

सगळे तिला दातवाल्या बाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई'. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन तिच्याकडे पाठवायचे आणि ती त्यावरून कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं काम चालायचं. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरची पांढरी, बोळकी तोंडं ओळीने मांडलेली असायची. नवखा माणूस आत आला की आधी त्यांच्याकडे बघून दचकायचा.

"घाबरू नका," ती म्हणायची, "एकही चावत नाही. चावता आलं असतं तर माझ्याकडे कशाला आली असती?"

उमेदीची सगळी वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली होती. तिथे भिंतीला खिळा मारायचा तरी घरमालकाच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. त्यामुळे हे घर स्वतःचं झालं त्या दिवशी तिने काय केलं, तर हातोडी घेतली आणि भिंतीच्या मधोमध एक खिळा ठोकला. त्याला काही अडकवायचं नव्हतं. नवरा खो खो हसला होता.

नवरा बसचा ड्रायव्हर. आवाज असा पल्लेदार की गल्लीच्या तोंडाशी हाक मारली तर मागच्या मोरीत ऐकू यायची. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने आडवा पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मागच्या खोलीत खिडकीला लागून त्याची खाट होती. त्याला सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की नुसता वारा बाहेर यायचा. ती त्याला भरवायची, पुसायची आणि दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगायची. "अहो, ऐकलंत का," म्हणून सुरू करायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहायची.

मग एके दिवशी भर दुपारी त्या खोलीत भाताचा वास आला. नुकताच वाफ धरलेला, गरम भात. ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद, भांडी पालथी. पुन्हा मागच्या खोलीत आली तर वास तिथेच, खाटेच्या आसपास घोटाळत होता. नवरा वर बघत होता.

घराला पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याखाली प्लायवूडचं सीलिंग. त्या प्लायवूडवर काहीतरी जड, मऊ पावलांनी चाललं. नवऱ्याची नजर त्याच्याबरोबर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत गेली. पावलं थांबली, नजर थांबली. आणि त्याच्या चेहऱ्याची जी बाजू जिवंत होती ती हसली.

उदमांजर होतं. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ते येतं-जातं, असं शेजारच्या पीटी सरांनी सांगितलं. हे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. अंगणात अजून गळ्यात शिट्टी घालून फिरायचे. "निरुपद्रवी प्राणी आहे," सर म्हणाले. "अंगाला भाताचा वास येतो त्याच्या. राहील आणि जाईल."

पण ते जाईना. प्लायवूडवर एक पिवळट डाग उमटला. आठवड्याभरात तो ताटाएवढा झाला, मग कडेने फुगला. तिने जंगल खात्यात फोन केला तेव्हा एक तरुण वनरक्षक आली. तिने बॅटरी घेऊन फट बघितली, भिंतीला कान लावला आणि म्हणाली, "मादी आहे. बहुतेक पिल्लं झालीत."

"मग घेऊन जा सगळ्यांना."

"तसं नाही करता येत, मावशी. पकडायचं नाही, मारायचं नाही, विष नाही घालायचं. पिल्लं आत असताना फटही बुजवायची नाही, गुन्हा होतो तो. पिल्लं हिंडायला लागली की आपणहून जातील. मग खुशाल बंद करा."

"हे घर कोणाचं आहे?"

"तुमचंच."

"मग माझ्या छताखाली कोण राहणार ते मी ठरवायचं ना?"

"घर तुमचं आहे, त्यात वाद नाही. पण वरची पिल्लं तुमची नाहीत."

"मग कोणाची? सरकारची? सरकारने न्यावीत आपली पोरं आणि सांभाळावीत!"

पोरगी हसली नाही, चिडलीही नाही. "थोडं सोसा," एवढंच म्हणाली आणि नंबर देऊन गेली.

बाईने सोसलं. खाट सरकवून बघितली, पण नवरा खिडकीपासून हलवला की डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरायचा आणि घशातून असा वारा काढायचा की तिला पुन्हा खाट जागेवर न्यावी लागायची. मग एका सकाळी ती त्याचं तोंड पुसायला गेली, तर कपाळावर पिवळा थेंब होता. ती बघत असतानाच वरून दुसरा पडला, भुवईवर. तो डोळे मिटत नव्हता.

त्या रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. त्याने डाग बघितला, भावोजींचं कपाळ बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. "ताई, तू काय धर्मशाळा उघडलीयेस का? त्या फॉरेस्टवालीच्या नवऱ्याच्या तोंडात मुतलं असतं तर तिने सोसलं असतं?"

दिवेलागणीला दोघं अंगणात उभी राहिली. फटीतून आधी तोंड आलं, मग लांब काळं अंग, मग त्याहून लांब शेपूट. जनावर भिंतीवरून उतरलं आणि कुंपणापलीकडे नाहीसं झालं. भावाने पत्र्याची पट्टी आणि स्क्रू आणलेच होते. ती शिडी धरून उभी राहिली. पिल्लांचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आपण कधी त्यांचा आवाज ऐकला नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि शिडी आणखी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी घर शांत होतं. इतकं शांत की पुढच्या खोलीत मेणात दात बसवताना तिला आपल्याच चिमट्याचा आवाज मोठा वाटला. दुपारी जेवणं झाली, गल्ली सामसूम झाली, आणि मागून आवाज आला. बारीक, ओला, काचेवरून बोट घासावं तसा. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

ती मागे धावली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि प्लायवूडला कान लावला. वर काहीच नव्हतं. प्लायवूड गार होतं आणि गप्प होतं. ती श्वास रोखून तशीच उभी राहिली.

आवाज पुन्हा आला. तो खालून आला.

तिने मान वळवली. नवरा खाटेवर निपचित होता, नजर वर लावलेली, ओठ जेमतेम विलग. त्याच्या गळ्याची शीर हलली आणि तो आवाज त्याच्या तोंडातून निघाला. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, ज्याला तिचं नाव घेता येत नव्हतं, तो पिल्लाच्या आवाजात हाक मारत होता. अगदी सफाईने, जणू महिनाभर दुसरं काही शिकलाच नव्हता.

"अहो," ती म्हणाली. "अहो, असं नका करू."

त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. त्याने हाक मारली. आणि खिडकीत अंधारल्यासारखं झालं.

मादी आली होती. रात्रीचं जनावर, आणि भर उन्हात खिडकीच्या गजांपाशी पुढचे पाय टेकून बसलं होतं. एका पंजाची नखं रक्ताळली होती. पत्रा ओरबाडला असणार. ती छताकडे बघत नव्हती, स्टुलावरच्या बाईकडेही नाही. ती खाटेवरच्या माणसाकडे टक लावून बघत होती, आणि तो तिला बोलावत होता. आपल्याच घरात आपण तिसऱ्याच कोणीतरी आहोत, असं बाईला वाटलं.

मग वरून उत्तर आलं. फार अशक्त, पण वरूनच.

ती स्टुलावरून उतरली की पडली हे तिला नंतर आठवेना. अनवाणीच धावत ती पीटी सरांच्या दाराशी गेली. सर दारातच उभे होते, चेहरा कडक.

"बाई, मी तक्रार केली आहे," ते म्हणाले. "सकाळपासून ते जनावर तुमच्या बुजवलेल्या फटीखाली घिरट्या घालतंय. वनखात्याची गाडी निघालीये. तोंडावर सांगितलेलं बरं."

"बरं केलंत. आता करवत असेल तर घ्या आणि स्टूल धरायला चला."

सर आत जाऊन करवत घेऊन आले. दोघांनी खाट हातभर सरकवली. या वेळी नवऱ्याने हरकत घेतली नाही. बाईने स्वतः प्लायवूड कापलं. भुसा डोळ्यांत गेला, कुजका वास तोंडावर आला आणि डागाचा तुकडा खाली लटकला. आत हात घालताना तिने डोळे मिटून घेतले. हाताला लागलं ते आधी गरम, मग गरम, मग गार.

तीन पिल्लं होती. दोन जिवंत.

वनरक्षक पोरगी पोचली तेव्हा पिल्लं टॉवेल घातलेल्या खोक्यात होती. तिने वेळ घालवला नाही. खिडकीच्या गजांमधलं अंतर रुंद होतं. तिने खोकं आतून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "सगळे बाहेर. माणूस दिसला तर आई येणार नाही."

"हे कसे बाहेर येणार?" बाईने खाटेकडे बोट दाखवलं.

पोरीने त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा हाक मारायला लागला होता. पोरीचा चेहरा उतरला. "राहू देत त्यांना," ती हळूच म्हणाली.

दार लोटून तिघं पुढच्या खोलीत बसली, त्या पांढऱ्या तोंडांच्या रांगांसमोर. आतून त्याची हाक येत होती, मध्येच एखादी बारीक हाक तिच्यात मिसळत होती, आणि कुठली कोणाची हे सांगता येत नव्हतं. सर शिट्टीशी चाळा करत होते. मग हाका थांबल्या. काहीतरी गजांना घासलं. बराच वेळ गेला आणि एक मोठा, सुटलेला श्वास ऐकू आला, माणसाचा.

तिघं आत गेली तेव्हा खोकं रिकामं होतं. तो हसत होता आणि रडत होता. काय झालं ते त्याने एकट्याने बघितलं, आणि सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

मेलेलं पिल्लू पोरीने कापडात गुंडाळून घेतलं. "फट कोणी बुजवली?"

"मी," बाई म्हणाली. भावाचं नाव तिने काढलं नाही.

तिला कचेरीत बोलावलं. मोठ्या साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हातारा-कोतारा माणूस घरात आहे म्हणून या वेळी ताकीद देऊन सोडतो, असं म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, "चुकले ते चुकले साहेब, ते पिल्लू माझ्या हाताला गार लागलंय, मी विसरणार नाही. पण माझ्या नवऱ्याच्या कपाळावर जे पडत होतं, ते तुमच्या कुठल्या कायद्यात बसतं?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती वनरक्षक पोरगी जाळी घेऊन आली, फट नीट तपासली आणि स्वतः शिडीवर चढून बंद करून गेली.

बाईने नवं प्लायवूड बसवून घेतलं. नवरा रोज दुपारी त्याच्याकडे बघून हाक मारायचा. सुरुवातीला ती कानात बोळे घालायची. मग एका दुपारी मेण गरम करता करता तिने पुढच्या खोलीतूनच, घसा आवळून, तशीच बारीक हाक दिली. मागे एकदम शांतता. मग त्याने उत्तर दिलं. त्यानंतर ती रोज द्यायला लागली. एखादा डॉक्टरचा माणूस साचे घेऊन आलेला असायचा आणि दोन खोल्यांमधले ते आवाज ऐकून चपला न घालताच अंगणात उतरायचा. ती त्याला काही समजावत बसायची नाही. कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी तिचं बोलणं होत होतं.

थंडीत तो झोपेतच गेला. भाऊ आला, राहिला, परत गेला. खाट उचलून ठेवली. त्यानंतरच्या एका दुपारी ती मोकळ्या खोलीत उभी होती, आणि कोणी ऐकायला नाही हे माहीत असून तिने एकदा ती हाक मारून बघितली.

"बाई?" भिंतीपलीकडून पीटी सरांचा घाबरलेला आवाज आला. "बाई, काय झालं? कोण आहे तिथे?"

"कोणी नाही हो," ती म्हणाली. "घसा साफ करत होते."

"चहा टाकलाय. येता का?"

"येते," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.