चुकीच्या पौर्णिमेचं बुकिंग

मे महिन्याच्या सुट्टीचं बुकिंग मी दिवाळीत करते. शेजारच्या काकूंचा फराळाचा डबा परत करायच्या आत माझ्या फोनवर खोल्यांचे फोटो फिरायला लागतात, आणि माझा नवरा प्रशांत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हिला विचारा, पुढच्या उन्हाळ्यात आपण कुठे जेवणार आहोत ते." हसू दे त्याला. पवना धरणाच्या काठी मेमधल्या शनिवार-रविवारची जागा ऐन वेळी मिळत नाही, हे वाचकांनी माझ्याकडून लिहून घ्यावं.

या वेळी एवढा आटापिटा केला तो आईसाठी. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे नाशिकला असते, आणि तेव्हापासून कोपऱ्यावरच्या विहारापलीकडे ती कुठे गेली नव्हती. गोवा नको, महाबळेश्वर नको. मग एका संध्याकाळी मेथी निवडताना स्वतःहून म्हणाली, "बेडशाला जाईन एकदा. पण बुद्धपौर्णिमेलाच." बेडसं म्हणजे तिचं लहानपण. लेण्याच्या पायथ्याचं गाव. बुद्धपौर्णिमेला आजोबा, म्हणजे तिचे वडील, पांढरे कपडे घालून सगळ्या पोरांना वर घेऊन जायचे. पुढे त्यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली, घर हललं, आईचं लग्न नाशिकला झालं आणि ते लेणं राहूनच गेलं.

आई 'हो' म्हणाली होती! मी ताबडतोब फोन काढला. नवं कॅलेंडर अजून घरात यायचं होतं, पण फोनमध्ये चंद्राची चित्रं होती. मेच्या अखेरीला गोल चंद्र दिसला. मेमधली पौर्णिमा म्हणजे आपलीच, असं म्हणून मी पवनानगरला दोन खोल्या घेतल्या, आगाऊ पैसेही भरले.

एप्रिलमध्ये विहारातून बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाचा निरोप आला आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर गाठलं. तो कार्यक्रम मेच्या सुरुवातीलाच होता. त्या महिन्यात पौर्णिमा दोन होत्या, आणि मी धरलेली होती अधिक महिन्यातली. आमच्या घरात अधिक महिना कुणी पाळत नाही. जावयाला अनारसे नाहीत, दान-बिन नाही. त्यामुळे असा एक महिना मध्येच येऊन बसतो हे माझ्या ध्यानातच नव्हतं. घाईघाईने पवनानगरला फोन केला, तर खऱ्या पौर्णिमेला जोडून सुट्ट्या, एक खोली शिल्लक नाही.

आईला सांगायला पौर्णिमेची सकाळ उजाडली. ती विहारासाठी खिरीचे तांदूळ धूत होती. "असू दे," एवढंच म्हणाली. येते की नाही ते बोलली नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिची पांढरी साडी इस्त्री करून पिशवीत दिसली तेव्हा कुठे मी बाकीच्या बॅगा भरायला घेतल्या.

नाशिकहून पहाटे निघा. नारायणगावला मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे चाकणला ट्रकांच्या रांगेत भूकच काय, माणुसकीही संपते. तळेगावहून जुन्या हायवेने कामशेत, तिथून पवनानगर. आमचा मुक्काम होता त्या घरच्या तारामावशी अंगणातच उभ्या होत्या. "तुमीच का त्या दिवाळीत फोन करनाऱ्या? आमच्यात लग्नाची तारीक बी कुनी एवढ्या आदी काडत न्हाई!" प्रशांत इतका हसला की त्याच्या हातातली बॅग पडली.

जेवण मात्र असं की पुढच्या दहा वर्षांचं बुकिंग करावं. धरणातला मासा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा वाफाळता भात. राहणं-जेवण धरून माणशी दीडेक हजार. काठावरच्या तंबूंमध्ये स्पीकर दणदणत होते, तेव्हा शांतता हवी असेल तर गावातलं घर बघा.

सकाळी ऊन चढायच्या आत बेडशाला पोचलो. आम्हाला तिकीट-बिकीट लागलं नाही. पाणी मात्र सोबत हवंच, कारण वर काही मिळत नाही. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, तरी आईच्या गुडघ्यांना त्या भारीच. पहिल्या वळणावरच ती कठड्याला टेकली. चेहरा लाल झालेला. मी म्हटलं, "इथूनच नमस्कार कर, आई. आज तसाही तो दिवस नाही." बोलून गेले आणि जीभ चावली.

तेवढ्यात खालून करवंदांची पाटी घेऊन एक बाई चढत आल्या. आईकडे बघून थांबल्या. "कुटनं आलात, मावशी? बसा वाईच. घाई कशापायी?"

"मी हितलीच हाय," आई म्हणाली. "बेडशाची. लय वर्सांनी आले."

मी आईकडे बघतच राहिले. माझ्या जन्मापासून मी तिच्या तोंडून हे 'हितलीच' ऐकलं नव्हतं. त्या बाईंनी करवंदं तिच्या ओंजळीत ओतली, आणि दोघी कुणाची विहीर कुठं होती यावर बोलत बसल्या. मग आई उठली, माझा हात बाजूला केला आणि कठडा धरून चढायला लागली.

वर चिटपाखरू नव्हतं. ते उंच खांब, त्यांच्या डोक्यावर हत्ती-घोडे आणि स्वार. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे कोवळं ऊन थेट आत आलेलं. आई स्तूपासमोर बसली आणि तिने त्रिसरण म्हटलं. नेहमी घरातल्या बुद्धाच्या छोट्या फोटोपुढे पुटपुटणारी माझी आई तिथं मोकळ्या आवाजात म्हणत होती आणि सगळं लेणं तिच्यामागे म्हणत होतं. मला रडू आलं. प्रशांतने माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुधिवरे खिंडीतून लोणावळ्यात उतरलो. मेमध्ये धबधबे कोरडे, गाड्या मात्र दुथडी भरून. आईने चिक्कीच्या दुकानात पाच प्रकार चाखले, घेतली शेवटी साधी शेंगदाण्याचीच. टायगर पॉइंटला दरीकडे पाठ करून तिने भजी खाल्ली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे न्याहाळले. फोटोला हसलीसुद्धा.

घरी आल्यावर मी पिशव्या रिकाम्या करत होते. आई पांढऱ्या साडीवरचा करवंदांचा डाग चोळत बसली होती. तेव्हा मनातलं निघालंच. म्हटलं, "आई, पौर्णिमा चुकली गं माझ्यामुळे."

"मला नवं कॅलेंडर आलं तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? तेव्हा तारीख बदलता आली असती!"

"तारीख बदलताना तू सगळंच रद्द केलं असतंस तर?" ती डागाकडेच बघत होती. "पौर्णिमा मी विहारात केली की. मला फिरायला जायचं होतं. तुझे बाबा नाहीत आणि मी हौसेनं सहलीला निघाले, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून पौर्णिमा म्हटलं."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. इतके दिवस मी जागा शोधत होते, भाव करत होते, आणि माझ्या आईला नुसतं कुठेतरी जायचं होतं. साडीचा ओला पदर माझ्या मांडीवर आला तरी आम्ही दोघी हललो नाही.

"दिवाळीत फोन करशील ना परत?" तिने विचारलं. "आता समुद्र बघू. तिथं काही निमित्त लागत नाही."