आजारपणाच्या खात्यातलं जास्तीचं

एप्रिल उजाडला रे उजाडला की पीपीएफ काठोकाठ भरून टाकायचा, ही माझ्या सासऱ्यांची शिस्त. नवऱ्याने ती अमेरिकेतही पाळली. तिथे दवाखान्याच्या खर्चासाठी करमुक्त बचतीचं एक खातं असतं. त्यात त्याने जानेवारीतच वर्षभराची रक्कम भरली. मे महिन्यात त्याला जर्मनीत नेकारसुल्मला नोकरी लागली आणि आम्ही गाशा गुंडाळला. तिकडचा विमा सुटला, तसा उरलेल्या महिन्यांचे पैसे भरायचा हक्कही गेला. भरलेले मात्र भरलेलेच राहिले, जादा ठरून.

आम्ही अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं, त्यामुळे जर्मनीत राहूनही तिकडचं कराचं विवरणपत्र सुटत नव्हतं. जादा रक्कम अजून खात्यातच आहे, असं त्यात दरवर्षी कबूल करायचं आणि तिच्यावर सहा टक्के दंड भरायचा. पैसे काढायला जावं, तर खातं सांभाळणारी कंपनी अमेरिकन मोबाइलवर कोड पाठवणार. तो नंबर केव्हाच बंद झालेला. डोकं फिरायची वेळ यायची.

मला इथे घर घ्यायचं होतं. मुलगी किंडरगार्टनपासून इथलीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. घराचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "बघू." भाड्याच्या भिंतीत साधा खिळा ठोकायचा, तरी त्याची कुरकुर.

शेवटी एका वर्षी मी इरेला पेटले. फोनवर ताटकळत, त्या कंपनीशी भांडून पैसे काढायचा कागदी अर्ज मिळवला. खातं त्याचं, म्हणून सही त्याची हवी होती. रविवारी पोहे झाल्यावर अर्ज आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"राहू दे ना," तो म्हणाला. "परत गेलो की तिकडचा विमा मिळेल. आल्झो, म्हणजे हे जादाचं मग त्या वर्षीच्या रकमेत आपोआप जिरेल."

"परत? कधी ठरलं हे?"

त्याने पेनाचं टोपण लावून टाकलं. मला संताप आला. इतकी वर्षं मी त्या कंपनीला शिव्या घालत होते.

मुलगी दारातून ऐकत होती. "गेहेन विअर वेक?" तिने विचारलं. आपण इथून जाणार का?

"छे गं, कुठे जातोय आपण!" तो लगेच म्हणाला. हसून तिच्या केसांतून हात फिरवला. ती खेळायला गेल्यावर त्याने अर्ज बाजूला सारला आणि त्या वर्षीचं, दंडासकट भरलेलं विवरणपत्र माझ्याकडे सरकवलं. दोघांचं एकत्रच असायचं ते.

"इथे सही कर," तो म्हणाला.

मी केली.