गाडी गरम होईपर्यंत

फोरमनकाका आधी यंत्राला हात लावत आणि मग माणसाशी बोलत. आमच्या घरी आले की पहिला तळवा पाण्याच्या मोटरीवर, दुसरा फ्रिजच्या पाठीवर आणि त्यानंतर मला, "कसा आहेस गा?" माझ्या मंडप डेकोरेशनच्या धंद्यातल्या पहिल्याच लग्नात त्यांनी जनरेटरवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे पंगतीत दम सोडन." मी हसलो. दुसरी पंगत अंधारात जेवली. तेव्हापासून काकांनी कशावर हात ठेवला की मी हातातलं काम सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहायचो.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वरठीकडच्या एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. "भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याच वर्षी मी फोरमन झालो," हे ते अशा थाटात सांगत, की दोन्ही आदेश एकाच कागदावर निघाले असावेत. निवृत्त झाल्यावर मोटारसायकल मुलीला देऊन टाकली आणि आंधळगावात सायकलवर फिरू लागले.

मी नागपुरातून जुनी पिकअप आणली, ती ऑटोमॅटिक गिअरची. गावात कारण सांगितलं गुडघ्याचं. खरं कारण असं, की उभ्या आयुष्यात मला क्लच जमला नाही. काकांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "डाव्या पायाले पेन्शन देल्ली म्हन."

पहिल्या वर्षी गाडी गुणी निघाली. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्सचं तेल कमी झालं. दुसऱ्या दिवशी सानगडीला मंडप टाकायचा होता आणि भावाच्या ट्रॅक्टरच्या तेलाचा अर्धा डबा कोपऱ्यात पडला होता. तेल ते तेल, असा शास्त्रीय विचार करून मी तो ओतला.

धानाची कापणी संपली, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या आणि सकाळी तलावावरचं धुकं गावात शिरायला लागलं. तेव्हा गाडीनं रंग दाखवला. लिव्हर पुढे जायच्या खुणेवर आणला की आधी काहीच व्हायचं नाही. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत गाडी गप्प. मग खालून कुणी लाथ घालावी तशी ती पुढे उडी घ्यायची. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा दणका, आणि मागच्या लोखंडी खुर्च्या एकमेकींवर आदळायच्या. गरम झाली की मात्र शहाण्यासारखी चालायची.

काकांनी बॉनेटवर हात ठेवला. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली, एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला, वास घेतला. हे ट्रॅक्टरचं तेल कुणी घातलं, असं त्यांनी विचारलं. आधीच्या मालकानं घातलं असेल, असं मी सांगितलं. एवढ्या सहज सांगितलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

काका जरा वेळ पट्टीकडे पाहत राहिले. "थंडीत घट्ट होते हे. नागपूरले ने, सगळं धुवून घे. नाही तं कोनाले तरी घेऊन जाईन ही."

पण लग्नसराई होती. गाडी दोन दिवस नागपुरात ठेवायची म्हणजे दोन मंडप बुडायचे. हंगाम संपला की नेतो, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी सकाळी गाडी सुरू करावी, तर बंपरला काकांची सायकल टेकवलेली. खाली उतरायचं, ती विहिरीपाशी नेऊन उभी करायची, परत यायचं. तेवढ्यात इंजिन थोडं तापलेलं असायचं. एकदा वैतागून विचारलंच, की काका, हे काहून? ते म्हणाले, "तू उतरशील म्हनून."

एका सकाळी मी उतरलो नाही. उशीर झाला होता, काचेवर धुकं होतं, सायकल दिसलीच नाही. लिव्हर टाकला. गाडी गप्प. मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि ती उडाली. सायकलचं पुढचं चाक बंपरखाली वाकडं झालं. माझी धाकटी मुलगी दप्तर घेऊन नुकतीच तिथून गेली होती. तिच्या चपलेचा ओला ठसा मातीत होता आणि सायकलचं वाकडं चाक बरोबर त्याच्यावर पडलं होतं.

काका आले. सायकलकडे त्यांनी पाहिलंही नाही. बॉनेटवर हात ठेवला. "आता ने गा," एवढंच म्हणाले. दोन लग्नं आटोपली की नक्की, असं मी सांगितलं. काकांनी चाक ठोकून सरळ केलं आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा बंपरला.

ती दोन लग्नं आटोपायच्या आतच एका सकाळी काका माझ्या दारात आले. सायकल हातात धरून, चालत. काकू मुलीकडे साकोलीला गेल्या होत्या. एवढ्या थंडीत काकांचा सदरा पाठीला चिकटला होता. आधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मग मला म्हणाले, "भंडाऱ्याले चालतं का?"

ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर वेळ लागेल म्हणाले. मी काकांना शेजारी बसवलं, गाडी सुरू केली आणि लिव्हरला हात घातला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बर्फासारखा.

"थांब. गरम होऊ दे. थंडीच दामटली आन् वाटेत नहराजवळ बंद पडली तं दोघंही तिथंच बसू."

मी थांबलो. समोर इंजिनच्या तापमानाचा काटा हळूहळू चढत होता. काका एक हात छातीवर धरून त्याच्याकडेच पाहत होते.

"ते तेल तूच टाकलं ना गा?"

"हो काका."

"मालूम होतं. पट्टीले तुह्या मंडपाच्या कापडाचा लाल धागा होता."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू सांगशील म्हनून वाट पाहून राहिलो होतो." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "टाक आता."

गिअर लोण्यासारखा पडला. सबंध रस्त्यात एक दणका बसला नाही. वरठी आली तेव्हा काकांनी काचेतून कारखान्याच्या दिशेला पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली.

दुपारी दवाखान्यात काका गेले. काकू साकोलीहून आल्या, तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुमी लवकर निघाले होते ना गा? कुठं थांबले नाही ना?"

"नाही काकू. लगेच निघालो."

गाडीतल्या घड्याळावर मी पाहिलं होतं. काटा चढेपर्यंत सात मिनिटं.