पाव्हनं आलं हुतं

माझ्या नणंदेच्या अंगात यायचं, ते मी बंद केलं. हो, मीच. वाडीतल्या बायका त्याचं श्रेय अजून मला देतात, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाहत्तर साल असेल. मी नगर शहरातली, पुण्याला बी.एड. केलेली, लग्न होऊन देवळाली प्रवराजवळच्या वाडीत आलेली. हायस्कुलात शिकवत होते आणि डोक्यात मानसशास्त्र नुसतं उतू चाललेलं. आम्हाला शिकवलं होतं ते थोडक्यात असं: माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, कारण ती केल्यावर त्याला काहीतरी मिळतं. मिळणं थांबवा, करणं थांबेल. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर त्या खो खो हसल्या.

"अगं, पेंड दावल्याबिगर म्हस पान्हावती व्हय? एवढ्यासाठी पुन्याला गेल्तीस?"

पण मी काही ऐकणाऱ्यातली नव्हते. आठवीतली एक मुलगी दर तासाला मुद्दाम मोठमोठ्यानं खोकायची आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. मी वर्गाचं हसणं थांबवलं. आठवड्यात खोकला गायब! मग काय, मी हवेतच.

नणंद तेव्हा एकोणीस वर्षांची. केडगावच्या पुढं एका वस्तीवर दिली होती. दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती, कारण मधूनच तिच्या अंगात यायचं. केस मोकळे सोडून घुमायची आणि "म्या शीव वलांडनार न्हाई" असं ओरडायची. मग आळीतल्या बायका धावत यायच्या, तिची ओटी भरायच्या. सासूबाई स्वतःच्या लेकीच्या पाया पडायच्या. आणि आमच्या घरची रीत अशी की अंगात आलेल्या बाईला पुढचे पाच मंगळवार शिवेबाहेर धाडायचं नाही.

मी एक वही केली. तीन रकाने आखले: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय मिळालं. हे सगळं घडायचं तेव्हा मी शाळेत असायची, म्हणून संध्याकाळी सासूबाईंना विचारायची.

"आत्याबाई, आधी काय झालं होतं?"

"काय बी न्हाई. पाव्हनं आलं हुतं, च्या झाला, आन् हिच्या अंगात आलं."

तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हेच उत्तर. मी पहिल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'पाहुणे' लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं: ओटी, मान, कामाला सुट्टी. झालं, निदान तयार. बघायला चार माणसं आली की बाईसाहेबांना चढतं! मी घरच्यांना बजावलं, पुढच्या वेळी कुणी तिच्याकडं बघायचं नाही, हळदीकुंकू नाही, पाया पडणं नाही. लक्ष द्यायचं नाही, की आपोआप थांबेल. सासूबाई देवीच्या कोपाला घाबरत होत्या, पण नवरा माझ्या बाजूचा. शिकलेली बायको केल्याचं त्याला भारी कौतुक.

चौथ्या वेळी रविवार होता आणि मी घरात होते. सोप्यात घोंगडीवर नणंदेचा चुलतसासरा चहा पीत बसला होता; माझ्या लेखी आणखी एक पाहुणा. ती चुलीपुढून उठून आली, केस सोडले आणि घुमू लागली. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना माझ्याशेजारी ज्वारी निवडायला बसवलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. "शीव वलांडनार न्हाई!" ती किंचाळली, पुन्हा किंचाळली, घसा बसेपर्यंत किंचाळत राहिली. कुणी हललं नाही. मग ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. देवीबिवी नाही, ती स्वतः बघत होती. मी सुपातला खडा वेचला. मनगटावरच्या घड्याळात मी मिनिटं मोजत होते, काय सांगू तुम्हाला! बावीस मिनिटं झाली होती.

तिनं केस बांधले. तीनच्या एस.टी.नं चुलतसासऱ्याबरोबर गेली. मी वहीत 'बंद झालं' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. 'तब्येत बरी नाही. वैनीला धाडा.' मी म्हटलं, जाऊन येते. सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"लक्ष द्यायचं न्हाई. तूच म्हनली हुतीस न्हवं? बगाय गेलं की पुन्यांदा सुरू हुईल."

मी वही काढली, उगीच चाळली आणि पहिल्या रकान्यापाशी थांबले.

"आत्याबाई, त्या तिन्ही वेळी कोण पाहुणे आले होते?"

"कोन म्हंजी? पाव्हनं. जावयाकडचं मानूस. हिला न्यायला आल्यालं."

आम्हा शहरातल्यांना पाहुणा म्हणजे कुणीही, चहापुरता आलेला. वाडीत पाव्हनं म्हणजे सोयरे, आणि लेक दिलेल्या घरात पाव्हनं म्हणजे जावयाकडचेच. माझ्याच हातानं तीनदा लिहिलेला शब्द मला वाचता आला नव्हता. तिला ओटी नको होती, मान नको होता. तिला पाच मंगळवार हवे होते. तिच्या स्वतःच्या तोंडचं 'नाही' त्या घरात कुणी ऐकलं नसतं. देवीचं ऐकत होते. तेवढी एक देवी तिच्या बाजूनं बोलत होती, आणि मी तिला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी केडगावपुढची तिची वस्ती गाठली. तिनं चहा आणला तो डाव्या हातानं. उजवा पदराखाली होता. मी पदर बाजूला केला. मनगट मोडून वाकडंच जुळलं होतं.

"पडले," ती दाराकडं बघत म्हणाली.

मी तिच्या सासूला सांगितलं, हात दवाखान्यात दाखवायचा आहे, आणि उंबऱ्यावर ठाण मांडून बसले. हट्टात मी कुणाला हार जात नाही. तेवढा एक गुण त्या दिवशी कामाला आला. नगरला डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि उशीर झाला म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं."

"म्या तुमच्याकडंच बगत हुते, वैनी," ती म्हणाली.

ती पुन्हा सासरी गेली नाही. मी जाऊ दिलं नाही. अंगातही कधी आलं नाही. घरात असून नसल्यासारखी, डाव्या हातानं कामं उरकायची. सासूबाई मात्र पाणवठ्यावर सांगायच्या, हाताचं तिचं नशीब, पण अंगातलं आमच्या सूनबाईनं बरं केलं.

ते ऐकून आळीतली एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. पोरगी सतराची असेल, गळ्यात नवं मंगळसूत्र, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी होती.

"बाई, हिच्याबी अंगात येतंय. लई तमाशा करती. तेवढं बंद करा."

मी काही बोलायच्या आत आतून, चुलीपासून, नणंदेचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ती परक्या माणसासमोर बोलली नव्हती.

"पाव्हनं कवा येनारेत?"

बाई गोंधळली. पोरीनं मान वर केली.

"उद्या," ती म्हणाली.