आप्पांची बादली आणि माझी बोगनवेल

कुलूप लावायच्या आधी आप्पांनी घरातलं सगळं पाणी झाडांना घातलं. गाडी दारात उभी, डिकी गच्च भरलेली, माझा नवरा सतीश स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला, आणि माझे वडील माठातलं पाणी तांब्याने काढून अंगणातल्या एकेका झाडाला वाटत होते. आधी कढीपत्ता, मग लिंबू, मग आईने लावलेला चाफा. माठ संपला तशी घागर काढली, घागर संपली तशी न्हाणीतली बादली. ‘आप्पा, उशीर होतोय,’ असं मी म्हणत राहिले. ‘भरलं पानी कोंडून कुनी घर सोडतं व्हय?’ एवढंच ते म्हणाले. कुंपणावरची बोगनवेल मात्र कोरडीच राहिली. तिला आमच्याकडे कुणी पाणी घातलेलं मला आठवतच नाही. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून लावलेली ती. तिने काटे धरावेत आणि गप उभं राहावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. उन्हाळ्यात ती भडक गुलाबी व्हायची, पण तिला फुलझाड म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

आमचं गाव दुष्काळी माण तालुक्यातलं. तुमच्यापैकी जे अजून तिकडेच आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, पण जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना आठवण करून देते. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, आंघोळीचं झाडाला, पाहुण्याने अर्धा ठेवलेला पेलाही झाडाला. आई म्हणायची, ‘पानी मोरीत सोडनं म्हंजे पाप.’ इथे सोसायटीत शेजारीण नळ सोडून फोनवर बोलत उभी राहते तेव्हा मला आईचं तेच वाक्य आठवतं. पण मी काही बोलत नाही, कारण आता मलाही नळ सोडून फोनवर बोलता येतं.

मी स्वतः गाव सोडलं तेव्हा मागे वळून बघायला फुरसत नव्हती. लग्न झालं, सतीशला उरणला कंटेनर यार्डात नोकरी होती, आणि आम्ही नवी मुंबईतल्या करावे गावात एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण हिराकाकी तिथलीच, खाडीवर वाढलेली. तिच्या गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यांत बोगनवेली लावलेल्या होत्या. कुंपण डब्यात लावलेलं बघून मला हसू फुटलं. ‘हसतंस कशाला? थंडी येव दे, मंग बघ,’ असं म्हणून तिने मला उडवून लावलं. आणि थंडीत त्या गच्चीकडे रस्त्यावरची माणसंही मान वर करून बघू लागली. आम्ही उलव्याला फ्लॅट घेतला तेव्हा तिने एक डबा माझ्या हातात ठेवला आणि बजावलं, ‘पानी जास घालाचा नाय. माती सुकली का मंगच.’

उलव्याच्या बाल्कनीला दुपारनंतर चिक्कार ऊन. निळा ड्रम अर्धा कापून, तळाला भोकं पाडून, मी तिला त्यात लावलं. पुढच्याच हिवाळ्यात राणी रंगाने बाल्कनीचं ग्रिल दिसेनासं झालं. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. गावाकडून एक चुलतभाऊ म्हणाला, ‘नंदे, आता बाभळ पन लाव.’

तरी मी त्या जागेला फ्लॅटच म्हणायचे. ऑफिसात रजा टाकताना ‘घरी जायचंय’ म्हणायचे ते माणला, आणि परतताना सतीशला फोन करायचे, ‘फ्लॅटवर पोचते.’ हा फरक मी मुद्दाम करत नव्हते. हप्ते आपण भरतोय, पडदे आपण शिवलेत, पण घर ते तिकडचं, असं आपलं डोक्यात बसलेलं.

मग आई गेली. आप्पा एकटे राहिले, आणि एका संध्याकाळी न्हाणीत पाय घसरून पडले. रात्रभर तिथेच होते. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं. मी त्यांची एकुलती एक. हाड मोडलं नव्हतं, पण त्यांना पुन्हा त्या घरात एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. ‘थोडे दिवस चला’ म्हणून त्यांना गाडीत बसवलं. ते थोडे दिवस कायमचे व्हावेत हे माझ्या मनात होतं, आणि ते होऊ द्यायचे नाहीत हे त्यांच्या.

लेकीच्या घरी खाऊन राहायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. आमच्या लग्नानंतर कित्येक वर्षं ते आले की चहाही उभ्याउभ्या घेत. इथे आल्यावर ते इतके नीट वागायला लागले की मला रडू यायचं. अंथरुणाची घडी मी उठायच्या आत. टीव्ही लावायच्या आधी ‘लावू का?’ सतीशला हाक मारायची तर ‘पाव्हणं’ म्हणून, आणि तीही तो चप्पल काढून बसला की मगच. विचारलं की ‘समदं झ्याक हाय.’ आणि दर आठवड्याला एक वाक्य ठरलेलं, ‘पाऊस उघडला की जातो.’

एकदाच ते मोकळं हसले. बाल्कनीत आले, ड्रमाकडे बघितलं, फांदी बोटांत धरली आणि म्हणाले, ‘अगं, कुंपान इकत आनलंस व्हय?’ आई गेल्यावरचं ते पहिलं हसू. हसतच ते सिंककडे गेले आणि तिथे त्यांना पाण्याच्या मशीनची नळी दिसली. आर.ओ. लावलेलं ज्याच्या घरी आहे त्याला ही नळी ठाऊक असते. मशीन पिण्यासाठी पेलाभर पाणी गाळतं तेव्हा ती त्याहून जास्त पाणी सिंकमध्ये सोडत असते. आम्ही तिकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. आप्पा मात्र जागेवर थिजले. ‘आन् हे कुठं जातंय?’ मी म्हणाले, ‘वाया जातं, आप्पा.’ त्यांनी नळी ओढून बादलीत सोडली.

त्या दिवसापासून त्यांना काम मिळालं. बादली भरली की बाल्कनीत, पुन्हा नळीखाली, पुन्हा बाल्कनीत. कंबर सरळ झाली, सकाळी लवकर उठण्याला अर्थ आला. ‘पाऊस उघडला की’ हे वाक्य मागे पडलं. बोगनवेल हिरवीगार झाली, पानं तळहाताएवढी, फांद्या वरच्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत. फूल मात्र औषधालाही नाही. हिराकाकीचं वाक्य माझ्या कानात होतं आणि तरी मी गप्प बसले. फुलं नसली तरी चालेल, माणूस राहतोय ना, असा माझा हिशेब होता.

पण ड्रमातलं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर मातीचे डाग पडलेल्या पांढऱ्या शर्टाचा फोटो आला. खाली हात जोडलेली चिन्हं, आणि त्याखाली चेअरमनचं ‘प्लीज नोट’. त्याच सुमारास पानं पिवळी पडून गळू लागली. ड्रमाला कुजका वास यायला लागला. मुळं सडत होती. आता बोलणं भाग होतं. मी बाल्कनीत त्यांच्याशेजारी बसले आणि जमेल तेवढं हळू सांगितलं की आप्पा, हिला एवढं पाणी सोसत नाही. मुळं कुजतायत. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेला बहार धरायचा तर पाणी तोडून ताण देतात ना, तसा हिलाही द्यावा लागतो, तरच ती फुलते.

त्यांनी गळलेली पानं एकेक करून गोळा केली. मला वाटलं, त्यांना पटत नाहीये. मग म्हणाले, ‘ताण मला शिकवतीस व्हय? जन्मभर झाडास्नी ताणच दिला की मी. दिला म्हंजे काय, पानीच नव्हतं. हितं हाय. म्हनलं, हिला तरी पोटभर पिऊ दे. फुलली काय आन् न फुलली काय.’

त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना फुलं नकोच होती. बादली त्यांनी उचलून मोरीत ठेवली, नळी पुन्हा सिंकमध्ये सोडली, आणि संध्याकाळी त्यांच्या खोलीत बॅग उघडी दिसली. धोतराच्या घड्या, औषधांची पिशवी, आईचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. ‘पाऊस उघडला,’ ते म्हणाले, ‘आता हितं माझं काय काम?’

मी रागावले. खरं सांगते, घाबरले होते म्हणून रागावले. ‘जा की,’ मी म्हणाले, ‘आणि पुन्हा पडलात की दूधवाला कळवेलच मला.’ असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. मग मीच म्हणाले, ‘ही बोगनवेल मरायला टेकलीय. तिचं काय करायचं ते करून द्या आणि मग जा. मला एकटीला जमणार नाही.’ हे खोटं नव्हतं. अंगभर काटे, ड्रम जड, आणि सतीशला झाडातलं ओ की ठो कळत नाही.

रविवारी हॉलभर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही ड्रम आत ओढला. बाजूच्या टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथल्या मुकादमाला विचारून सतीश जाडी वाळू आणि विटांचे तुकडे घेऊन आला. आप्पांनी फांद्या निम्म्या छाटल्या. झाड तिरकं करून काळी पडलेली मुळं कात्रीने काढायला घेतली. सतीश खोड धरून उभा होता आणि बाहेर विमानाचा आवाज आला तसा खिडकीकडे बघायला लागला. झाड कलंडलं, आप्पांच्या मनगटात काटा घुसला. ‘अरं सत्या, ध्यान कुठंय तुजं? नीट धर की!’ ते ओरडले. सतीशने मुकाट्याने नीट धरलं. ‘पाव्हणं’ हा शब्द त्यानंतर आमच्या घरात मी ऐकला नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर बॅग पलंगाखाली सरकवलेली होती.

झाड जरा सावरलं तसा आप्पांनी स्वतःच ताण द्यायला सुरुवात केली. नळी पुन्हा बादलीत सोडली आणि त्या पाण्यासाठी दुसऱ्या टबात अळू लावलं. त्याला कितीही पाणी चालतं. पण बोगनवेलीपाशी त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. पानं मलूल झाली की ते खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसायचे. गावाकडच्या शेजाऱ्याचा फोन आला, कधी येताय म्हणून, तर त्याला सांगत होते, ‘आता कसं यीन? झाड ताणावर हाय. ही पोरगी मऊ काळजाची, माज्या माघारी पानी घालंल.’ मी स्वयंपाकघरातून ऐकलं. झाडाला पाणी घालण्याइतकं मऊ काळीज माझं कधीच नव्हतं, पण मी खोडून काढलं नाही.

थंडीत फुलं आली, आधी टोकाला थोडी, मग ग्रिलभर. आप्पांनी बघितलं, ‘हं’ म्हणाले, आणि हिशेबाने थोडं पाणी घालून ताण तोडला. त्यांना खुशी झाली असणार, पण ती त्यांनी दाखवली नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी ऑफिसातून उशिरा येऊन घाईत वांग्याची भाजी केली होती. आप्पांनी घास घेतला, ताट जरा पुढे सरकवलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘ही काय भाजी हाय? मीठ न्हाई, चव न्हाई. तुज्या आईनं असलं कधी वाढलं न्हाई.’

आईच्या भाजीलाही त्यांनी जन्मभर अशीच नावं ठेवली होती, अगदी ह्याच आठ्या घालून, आणि ती जन्मभर उलट बोलली होती. माझ्या हातचं मात्र, आल्यापासून, सगळं ‘झ्याक’. पाहुणा म्हणतो तसं.

‘दिवसभर ऑफिस करून आलेय मी,’ मी फणकारले. ‘मिठाचा डबा कुठे असतो ठाऊक आहे ना? उठा आणि घ्या.’

सतीशने घाबरून माझ्याकडे बघितलं. आप्पा कुरकुरत उठले, आत गेले, ओट्यावरच्या बरण्या इकडेतिकडे केल्याचा आवाज आला, आणि तिथूनच ते ओरडले, ‘नंदे, ह्या घरात एक वस्तू जागेवर सापडंल तर शपथ.’