पंधरा लिटर तेलाचं वजन

हे मी अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो न ऐकताच गेला.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. कसबा पेठेत आम्ही पाच जणी दिवाळीचा फराळ करून विकायचो. काटा माझ्या हातात, म्हणून तोराही माझा. एकदा सिंधूने घाण्यावरून पंधरा लिटर तेल आणलं. मी डबा तोलला, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं — तेरा किलो साडेसहाशे. लिटर म्हणजे किलो, एवढंच मला ठाऊक. सगळ्यांसमोर विचारलं, "सिंधू, उरलेलं तेल कुणाच्या कढईत गेलं?"

"आक्का, भरून दिला तसा डबा आणलाय."

"मग वाटेत वाफ झाली असेल!"

बाकीच्या तिघी हसल्या. सिंधू उठून गेली, ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिटरचं माप घेतलं. का? चैन पडेना म्हणून? छे — तिला आणखी पक्कं पकडायला. मापभर पाणी तोललं : बरोबर किलो. मापभर तेल तोललं : नऊशे दहा ग्रॅम. पुन्हा तोललं. नऊशे दहाच. पंधरा वेळा नऊशे दहा किती, हे चौथी शिकलेल्या बाईलाही काढता येतं. थेंबभरही तेल कमी नव्हतं.

मग बोलले का? नाही. माप पुसून फळीवर ठेवलं आणि चकल्या तळायला बसले. तेल पाण्याहून हलकं, हे आपलं आपल्याला कळलं याची ऐटसुद्धा वाटली — इतकी मी निगरगट्ट.

परवा नात घनतेच्या गणितावर अडली. दोन लिटर तेलाचे ग्रॅम काढायचे होते. भाजी निवडता निवडता मी म्हणाले, "अठराशे वीस." उत्तर बरोबर आलं. "आजी, तुला कसं गं माहीत?" थाप तोंडाशी आली होती — गिळली.

रविवारी त्या तिघींना घेऊन स्वारगेटहून बस धरली आणि मांजरी गावात सिंधूच्या घरी गेले. पिशवीत काटा, माप, तेल. सगळ्यांसमोर तोललं. म्हटलं, "सिंधू, तू तेल चोरलं नव्हतंस. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले."

सिंधू रडलीबिडली नाही. खुर्चीत ताठ बसली. "एकेकीला तोलून दाखव. आकडा मोठ्याने वाच."

तीनदा तोललं, तीनदा वाचलं. नऊशे दहा. तिघींच्या माना खाली. सिंधूचा चेहरा असा झळकत होता, की मलाही जोर चढला.

"आता एकदा माझ्यासाठी," ती म्हणाली. "शेजारी ऐकू जाऊ दे."

मी दार सताड उघडलं आणि वाचलं.